दोन-चार चमचे शिरा

माझं पोट हा एकेकाळी अख्ख्या वसाहतीच्या जिव्हाळ्याचा विषय होता. आता तो फक्त माझ्या जावेच्या जिव्हाळ्याचा उरला आहे, आणि तिची काळजी त्याच्या घेराची आहे. पण मी सकाळी काय खाल्लं हे दूधवाल्यापासून कारखान्याच्या टाइम ऑफिसातल्या बाबूपर्यंत लोक विचारायचे, असा एक काळ होता. "क्यों बिटिया, आज क्या खा के दौड़ी?" असं म्हणणारे काका रस्त्यात भेटत, आणि मी गंभीर चेहऱ्यानं त्यांना काहीतरी भलतंच सांगायची. एकांना मी कच्चे बटाटे सांगितले होते. त्यांच्या मुलानं पुढं कित्येक महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

मी पळायची. तीन हजार मीटर. आमच्या मैदानाभोवती तांबड्या मातीचा ट्रॅक होता, त्याला साडेसात फेऱ्या मारल्या की शर्यत संपायची. भोपाळच्या त्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत सगळं कसं आखून दिलेलं होतं. सकाळी भोंगा झाला की सायकली निघत, दुपारी भोंगा झाला की परत येत, आणि प्रत्येक क्वार्टर शेजारच्या क्वार्टरसारखंच पिवळं. आमच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं अंगण. आई नागपूरकडची. ती लग्न होऊन आली तेव्हा त्या अंगणात म्हणे नुसता मुरूम होता. तिनं त्यात पेरू लावला, कढीपत्ता लावला, अळू लावलं, आणि मधोमध एक लिंबाचं झाड. त्या झाडाची लिंबं रस्त्यातल्या प्रत्येक घरी गेलेली होती. आईला कोणी कसं काय विचारलं तर ती स्वतःविषयी न सांगता झाडाविषयी सांगायची. "यंदा बहर कमी आहे," म्हणायची, म्हणजे तिला बरं नाही असं समजायचं.

पण क्वार्टर कारखान्याचं होतं. बाबा निवृत्त झाले की ते सोडावं लागणार होतं. घरातलं कोणी त्याच कारखान्यात लागलं असेल तर मात्र ते क्वार्टर त्याच्या नावावर करून घेता येई. मी एकुलती एक, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, मार्क बेताचे. बाबांच्या नोकरीची दोनेक वर्षं उरलेली. अशात बातमी आली की खेळाडूंच्या भरतीत या वेळी दोन मुली घेणार आहेत, लांब पल्ल्याच्या. चाचणी आमच्याच मैदानावर. पहिल्या दोघींना नोकरी.

बाबांनी ही बातमी सांगितली तेव्हा आई अंगणात अळूची पानं कापत होती. तिनं मान वर केली नाही. "म्हणजे ही पळली तर झाड राहते," एवढंच म्हणाली.

असं माझ्या पायांवर लिंबाचं झाड येऊन बसलं.

आमचे कोच जुन्या शहरातले, अस्सल भोपाळी. गळ्यात शिट्टी, खिशात गुळाचे खडे, आणि बोलणं असं की शिवीसुद्धा आदरानं यायची. "को खां, चल रिये हो या टहल रिये हो?" असं ते मागून ओरडले की आम्ही मुली पळता पळता हसायचो आणि हसलो म्हणून आणखी एक फेरी मिळायची.

खाण्याचं शास्त्र त्यांनी आम्हाला शेकोटीवर शिकवलं. थंडीतली सकाळ होती, मैदानाच्या चौकीदारानं फाटकाशी शेकोटी केली होती. कोचनी आम्हाला भोवती उभं केलं. आधी चौकीदाराचा वर्तमानपत्राचा कागद त्यात टाकला. कागद भपकन पेटला आणि चौकीदार 'अरे साब' म्हणेपर्यंत संपलासुद्धा.

"ये शक्कर है," कोच म्हणाले. "गुड़, केला, शरबत. फ़ौरन आग, फ़ौरन ख़तम."

मग एक फाटा टाकला. तो जरा वेळानं धरला आणि नीट जळत राहिला. "ये चावल, रोटी, आलू. कल खाओगी, आज काम आएगा."

मग त्यांनी चौकीदाराच्या शेगडीतला एक दगडी कोळसा उचलून ठेवला. आम्ही बघत राहिलो. काहीच होईना. धूर आला तेवढा.

"और ये घी है, मियां. पकड़ने में देर, फिर चलेगा ख़ूब. पहाड़ चढ़ना हो, दिन भर हल चलाना हो, तो डालो. मगर दौड़ से पहले डाला तो?" त्यांनी धुराकडे बोट दाखवलं.

एका मुलीनं विचारलं, "और अंडा, सर?"

"अंडा, दाल, दूध, ये ईंधन थोड़ी है. ये मेंटेनेंस है. मशीन घिसेगी, ये सुधारेगा."

मी घरी जाऊन हे सगळं अभिनयासह करून दाखवलं. बाबा बॉयलर विभागात होते. त्यांना हे इतकं पटलं की त्या दिवसापासून आमच्या घरी जेवणाची भाषाच बदलली. "तिला आणखी दोन लाकडं वाढ," ते पानावर बसून म्हणायचे.

"माझ्या पोळीला लाकूड म्हणून राहिले तुम्ही?" आई म्हणायची.

"अगं, स्तुती आहे ती."

"मग तुमच्या पानात सरपण वाढू का उद्यापासून?"

पण आईनं सगळं मनावर घेतलं होतं. पळून आल्यावर लगेच केळ आणि मूठभर फुटाणे, दुपारी वरणभात, संध्याकाळी उकडलेला बटाटा मिठासकट. मेंटेनन्सचा प्रश्न अवघड होता, कारण आमच्या घरात अंडं यायचं नाही. त्यावर तोडगा निघाला तो असा: बाबा अंगणात, लिंबाच्या झाडाखाली, एका दांडा तुटलेल्या पातेल्यात वातीच्या स्टोव्हवर अंडी उकडणार, आणि तोवर आई देवघराचं दार लावून घेणार. देवांना वास जाऊ नये म्हणून. अंडं खाऊन झालं की मी चूळ भरायची, बाबा टरफलं झाडाच्या बुंध्याशी पुरायचे, आणि देव मोकळे व्हायचे. त्या वर्षी लिंबं दुप्पट लागली. आई ते श्रेय शेणखताला द्यायची.

माझ्या हातून एकच आगळीक झाली. हरतालिकेला मैत्रिणींच्या नादानं मी निर्जळी उपास धरला आणि संध्याकाळी तशीच पळायला गेले. चौथ्या फेरीला मैदानातलं गवत हिरव्याचं पांढरं दिसायला लागलं. मग पाय कोणा दुसऱ्याचे झाले. मग मी खाली बसले, म्हणजे बसायचं ठरवलं नव्हतं, पण बसले. कोच धावत आले, खिशातला गूळ काढून माझ्या तोंडात कोंबला आणि पाणी पाजलं. "भट्टी ख़ाली, और चली हैं इंजन दौड़ाने," असं काहीबाही पुटपुटत राहिले. थोड्या वेळानं गवत पुन्हा हिरवं झालं. माझा उपास मोडला तो असा.

कोचनी मला घरी सोडलं तेव्हा आईनं त्यांना चहा दिला. ते गेल्यावर म्हणाली, "यापुढं माझ्या घरून तू रिकाम्या पोटी पळायला जायची नाहीस." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मी थट्टा करायचं विसरले. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं तिनं जी वाटी भरली ती या दिवसानं भरली होती.

चाचणीच्या आधी दोन दिवस कोचनी फक्त लाकडं सांगितली होती. भात, पोळी, बटाटा, आणि तेलतूप नावाला. आईनं ते अक्षरशः पाळलं. फोडणीत तेल पळीनं न पडता थेंबानं पडलं. बाबांनीही मुकाट्यानं तेच खाल्लं. मी इतका भात खाल्ला होता की स्वतःला भरलेलं पोतं समजत होते, पण कोच म्हणाले होते की हा माल पोटात राहत नाही, पायात जाऊन बसतो, आणि खरंच आदल्या दिवशी पाय असे झाले होते की जिन्यावरूनही पळतच उतरावंसं वाटे.

संध्याकाळी बाबा वसाहतीच्या बाजारात गेले. तिथं त्यांना स्कूटरवर कोच भेटले. काय बोलणं झालं ते बाबा विसरू नये म्हणून वाटभर घोकत आले, चप्पल काढायच्या आधीच सांगायला लागले. आई परातीत कणीक मळत होती. मी उंबऱ्यात पाय पसरून बसले होते.

"सकाळी निघायच्या आधी शिरा द्या म्हणाले. दोन-चार चमचे."

आईचा हात थांबला. "शिरा? ते तर तुपाला कोळसा म्हणते ना?"

"म्हणाले ते सांगतोय. साखर म्हणजे कागद, हेही तेच म्हणतात. शिऱ्यात साखर असतेच."

"आणि तूप नसते का?"

बाबांनी एक चप्पल काढली. "म्हणून तर दोन-चार चमचेच म्हणाले असतील. आणि हो, लिंबू म्हणाले."

"लिंबाचं काय?"

"स्कूटर सुरू होती, नीट ऐकू आलं नाही. थोडं लिंबू, म्हणाले."

आईचा चेहरा एकदम उजळला. "लोणचं. शिऱ्यासोबत लिंबाचं लोणचंच लागते. आमच्याकडे तर त्याच्याबिगर शिरा कोणी खात नाही." कणकेवर एक समाधानाची मूठ बसली. "भोपाळचा माणूस आहे, पण खाण्यातलं समजते त्याला."

आता मी जर हे नाटक म्हणून बसवलं, तर इथं प्रेक्षकांतून कोणीतरी उठून सांगावं अशी सोय करीन. पण त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात तिघंच होतो, आणि तिघांनाही शिरा आवडायचा.

सकाळी मला वासानं जाग आली. दोन दिवस घरात फोडणीचासुद्धा वास नव्हता, आणि आता साजूक तुपात रवा भाजला जात होता. आईनं केळं कुस्करून घातलं होतं, वेलची घातली होती, बेदाणे फुगून वर आले होते. तिनं मोठी वाटी काठोकाठ भरली आणि कडेला आमच्या झाडाच्या लिंबाची, मुरून काळपट झालेली एक फोड ठेवली.

"दोन-चार चमचे म्हणाले होते," बाबा म्हणाले.

"दोन-चार चमचे तर देवळात देतात. पोरगी पळून राहिली आज."

मी वाटी संपवली. पुढं केली. आईनं आणखी घातला. तो शिरा किती चांगला झाला होता हे मला सांगायलाच हवं, नाहीतर त्या शिऱ्यावर अन्याय होईल. दाणा दाणा सुटा, घशाखाली जाताना तूप वाट दाखवत जायचं. तासाभरानं शर्यत होती.

सुरुवात छान झाली. दोन फेऱ्या मी तिसऱ्या-चौथ्या नंबरावर, जसं ठरलं होतं तशी, श्वास मोजत. मैदानाच्या पायऱ्यांवर आई-बाबा बसले होते. आईनं उन्हासाठी डोक्यावर पदर घेतला होता. तिसऱ्या फेरीत मला जाणवलं की पोटात कोणीतरी आहे. कोणी आगाऊ नव्हे, शांतपणे मांडी ठोकून बसलेला एक पाहुणा, जो उठायचं नाव घेत नव्हता. चौथ्या फेरीत लोणच्यानं आठवण करून दिली. आंबट ढेकर दिल्यावर छाती भरून श्वास घेता येत नाही, हे ज्ञान मी पळता पळता मिळवलं. पाचव्या फेरीत उजव्या बरगडीखाली कोणी चिमटा धरला आणि तो पुढं सोडलाच नाही.

विचित्र गोष्ट अशी की पाय तयार होते. दोन दिवसांचा भात पायांत होता, तो पळू म्हणत होता. मधलाच मजला नाही म्हणत होता. कोच ट्रॅकच्या कडेनं माझ्याबरोबर चालत होते. पहिल्या फेऱ्यांना ओरडत होते, मग त्यांनी ओरडणं थांबवलं आणि नुसतं बघायला लागले. त्यांना काहीतरी कळत नव्हतं. घड्याळावरून नजर माझ्या चेहऱ्यावर आणि चेहऱ्यावरून पोटावर, जिथं मी हात दाबून धरला होता.

शेवटच्या वळणावर मी तिसरी होते. पहिली मुलगी केव्हाच पुढं गेली होती, ती तर वेगळ्याच जातीची धावपटू होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसरी माझ्यापुढं एका खाटेच्या लांबीवर होती. मी ती खाट अजून बघू शकते. लोखंडी, नवारीची, माणूस पाय पसरून झोपेल एवढी. सरळ रस्त्यावर मी ती ओलांडायचा प्रयत्न केला आणि ती तेवढीच राहिली.

रेषेपलीकडे जाऊन मी ओणवी झाले आणि सकाळचा शिरा, बेदाण्यांसकट, तांबड्या मातीत गेला. वास तुपाचाच होता.

आई पायऱ्या उतरून आली. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. "तिसरी आली ना?" तिनं विचारलं. तिला वाटलं होतं, शर्यतीत नंबर तीन असतात तसे इथंही तीन घेतात.

दुपारी कोच घरी आले. हरतालिकेनंतर पहिल्यांदाच. खुर्चीच्या काठावर बसले, पाणी प्यायले, आणि बाबांना म्हणाले, "भाई साब, शीरा दिया था ना?"

"दिया था," बाबा म्हणाले. "पूरी कटोरी दी थी."

"कटोरी?" कोच हबकले. "कटोरी भर के शीरा कौन पीता है?"

"पीता है?" बाबा म्हणाले.

तेवढ्यात आई आतून आली. पाहुणा आला होता, आणि काही झालं तरी पाहुण्यापुढं काहीतरी ठेवायचं असतं. सकाळचा उरलेला शिरा तिनं गरम करून बशीत घातला होता. कडेला लोणच्याची फोड.

कोचनी बशीकडे बघितलं. मग आईकडे, मग माझ्याकडे. "ये तो हलवा है," ते हळूच म्हणाले.

त्यानंतर जे झालं ते फार थोडं होतं. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. शीरा म्हणजे ते गोड पाणी, ज्यात गुलाबजाम पोहतात. त्याचे दोन-चार चमचे पेलाभर पाण्यात, वर चिमूटभर मीठ आणि लिंबू पिळून, म्हणजे शर्यतीआधी कागदाची एक छोटी ज्योत. लहानपणापासून ते तेच पिऊन पळत आले होते. मिठाईच्या दुकानात फुकट मिळायचं. त्यांना वाटलं होतं, हे काय सांगायचं, शीरा म्हणजे शीरा.

बाबा भिंतीकडे बघत होते.

"उसको हम पाक बोलते हैं," आई म्हणाली. तिचं हिंदी एवढ्या वर्षांतही पायरी चढल्यासारखं, एकेक शब्द ठेवत यायचं. "पाक."

कोचनी मान खाली घातली. "पाक तो आपकी नीयत थी, भाभीजी," ते म्हणाले.

उर्दूत पाक म्हणजे शुद्ध, पण आईला ते वाक्य त्या वेळी कळलं नाही. तिला वाटलं, ते पाकाबद्दलच काही म्हणताहेत. तिनं मान हलवली आणि बशी त्यांच्यापुढं सरकवली. कोचनी ती बशी उचलली आणि सगळा शिरा खाल्ला. सावकाश, लोणच्यासकट, शेवटच्या बेदाण्यापर्यंत. "बहुत उम्दा है," म्हणाले. आई आत गेली. थोड्या वेळानं मला खिडकीतून ती दिसली. लिंबाच्या झाडाला पाणी घालत होती. भर दुपारी तिनं झाडांना कधी पाणी घातलं नव्हतं.

पुढची दोन वर्षं आमच्या घरात एक अजब भांडण चाललं. चूक झाली की लोक दोष एकमेकांवर ढकलतात. आमच्याकडे तो एकमेकांकडून ओढून घेतला जायचा.

"चूक माझी," बाबा जेवताना मध्येच म्हणायचे. "लिंबू ऐकलं तेव्हाच मी स्कूटर बंद करायला लावून विचारायला पाहिजे होतं."

"तुमची कशाची? ते दोन-चार चमचे म्हणाले होते. वाटी मी भरली."

"पण शब्द मी आणला."

"तुम्ही शब्द आणला. तूप मी घातलं ना?"

अधूनमधून कोच यायचे आणि त्यांच्या बाजूनं ओढायचे. "ज़बान तो मेरी थी, भाई साब." तिघंही आपापलं टोक सोडायला तयार नसायचे. मला कोणी विचारायचंच नाही. मी हसून म्हणायची की खाणारी मीच होते, दुसऱ्यांदा मागून घेणारी मीच होते, तर तिघंही माझ्याकडे असं बघायचे की मी मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घातलं आहे.

आणि मला खरं सांगायचं तर अजूनही माहीत नाही. पेलाभर गोड पाण्यानं एक खाट ओलांडता आली असती का? मी पुढं बरंच वाचलं, डॉक्टरांना विचारलं, माझ्या शाळेतल्या पळणाऱ्या मुलींना चाचणीच्या सकाळी तुपाचं काही खाऊ नका म्हणून बजावून सांगितलं. दोन दिवसांच्या भातानं पाय भरलेले होते. कदाचित सकाळी दोन पोळ्या आणि एक केळ पुरलं असतं. कदाचित दुसरी मुलगी तशीही माझ्यापेक्षा चांगली होती. शिऱ्यानं मला हरवलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, आणि नाही हरवलं असं म्हणता आलं असतं तरी बरं झालं असतं.

मुलींची भरती पुन्हा निघाली नाही. बाबा निवृत्त झाले. मला एका खासगी शाळेत नोकरी लागली. बाबांनी फंडातून भोपाळच्या कडेला, मिसरोदला एक घर घेतलं, बसकं, दोन खोल्यांचं, रस्त्याला लागून. मागं अंगण नव्हतं, शेजाऱ्याची भिंत होती. लिंबाचं झाड उपटून नेता येईल का, हे आईनं वसाहतीच्या माळ्याला विचारलं. एवढं मोठं झाड लागत नाही, तो म्हणाला. क्वार्टरमध्ये नवीन येणाऱ्या बाईंना आई जाऊन भेटली आणि झाडाला साबणाचं पाणी घालू नका, एवढं सांगून आली. त्या बाई भल्या होत्या. "आते रहना, आंटी, नींबू ले जाना," म्हणाल्या. आई कधी गेली नाही. बिट्टन मार्केटला लिंबं घ्यायची आणि प्रत्येक वेळी साल दाबून म्हणायची, "रस नाही."

शिरा मात्र आमच्या घरातून गेला होता. कोणी ठरवलं नव्हतं. रवा यायचा, त्याचा उपमा व्हायचा.

पण नव्या घराची वास्तुशांत आली, आणि वास्तुशांत म्हटलं की सत्यनारायण, आणि सत्यनारायण म्हटलं की प्रसादाला शिराच लागतो, सव्वा मापाचा, त्यात तडजोड नाही. आई सकाळी पूजेच्या आधी स्वयंपाकघरात एकटीच गेली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू दिवे बघ." तुपात रवा पडल्याचा आवाज आला आणि बाबा जिथं होते तिथं, हातात आंब्याचा डहाळा घेऊन, जरा वेळ उभे राहिले.

दुपारी कोच आले. जुन्या शहरापासून एवढ्या लांब स्कूटरवर, पुढं पाय ठेवायच्या जागेत गुलाबजामचा मोठा डबा. "नए घर की मिठाई," म्हणाले. आईनं त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावून तोंडात टाकला.

"हलवा बढ़िया है, भाभीजी," ते सवयीनं म्हणाले.

"शिरा," आई म्हणाली.

"जी," कोच म्हणाले, आणि ऱ्हस्व उच्चार जपून करत, "शि-रा."

दोघंही हसले. मी त्यांना एकत्र हसताना तेवढंच बघितलं.

पाहुणे गेले. उन्हं कलली होती. मोरीत भांड्यांचा डोंगर होता, आणि ओट्यावर कोचचा डबा. गुलाबजाम संपले होते, तळाशी बोटभर पाक उरला होता. आई बराच वेळ त्या डब्याकडे बघत होती. मग तिनं एक पेला घेतला. डबा तिरका करून चमच्यानं पाक काढला. एक, दोन, तीन, आणि थांबून चौथा. माठातलं पाणी ओतलं. चिमटीनं मीठ. फळीवरचं लिंबू कापलं, ते पिळताना तोंडानं काही म्हणाली नाही. ढवळून पेला माझ्यापुढं धरला.

"घे," ती म्हणाली. "तुझं राहिलं होतं."

मी प्यायले. गोड होतं, खारट होतं, वेलचीचा वास होता, आणि लिंबू खरंच बिनरसाचं होतं.

"लगेच लागते का?" तिनं विचारलं.

"पाव-अर्ध्या तासानं," मी म्हटलं.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि मोरीच्या तोंडाशी पाट घेऊन बसली, हात मांडीवर ठेवून.

बाहेरच्या रस्त्यावरून मंडीदीपकडे ट्रक जात होते. पळायला जागा नव्हती आणि मला पळून कुठं पोचायचंही नव्हतं. मी पदर खोचला आणि भांडी घासायला घेतली. पातेली घासली, ताटं घासली, शिऱ्याची मोठी कढई राखेनं घासली, बुडाला लागलेलं तूप निघेपर्यंत. हात खरंच थांबत नव्हते. आई बघत होती. मैदानाच्या पायरीवर बसून बघायची तशी, पाठ ताठ, मध्येच एकदा घड्याळाकडे नजर.

कढई पालथी घातली तेव्हा ती म्हणाली, "दमली नाहीस ना?"

"नाही."

"मग ती परातपण घे."

परात मी मघाशीच घासून ठेवली होती. ती उचलली आणि परत घासली.